कोरी करून दिलेली गाडी

रोज कुणीतरी येतं आणि मलाच विचारतं, "ताई, शेजारचं गॅरेज कधी उघडणार?" अरे, मी झेरॉक्सवाली आहे, कानिफची सेक्रेटरी नाही! पण शटरला शटर लागून असलं की लोक धरूनच चालतात, शेजारणीला सगळं ठाऊक असणार. तर आहे मला सगळं ठाऊक. त्याच्या शटरची किल्लीसुद्धा माझ्याच गल्ल्यात आहे. पुन्हा पुन्हा सांगायची ताकद माझ्यात नाही, म्हणून एकदाच लिहून काढते.

कानिफनाथ मूळचा पाथर्डीकडचा. त्याचे वडील आमच्या भिंगारमध्ये, छावणीकडे जाणाऱ्या रस्त्याला, लुना आणि स्कूटरी दुरुस्त करायचे. म्हाताऱ्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला गाडी परत द्यायची ती कोरी करून. टाकी पिवळ्या फडक्यानं पुसलेली, नंबर प्लेट धुतलेली, हँडलवर बोटाचा डाग नाही. मग आत काम दोन पैशांचं झालेलं असो नाहीतर दोनशेचं. म्हातारा गेला, पण फडकं कानिफकडे राहिलं. गाडी झाली की तो ती पुसायचा, दोन पावलं मागं व्हायचा आणि ओरडायचा, "कोरी!" ते ओरडणं माझ्या दुकानात ऐकू यायचं. गिऱ्हाइकाचा फॉर्म भरताना माझी किती अक्षरं त्या आवाजानं चुकली असतील, देव जाणे.

पाच-सहा वर्षांपूर्वी विजेच्या गाड्या आल्या आणि भिंगारमधल्या बाकीच्या मेकॅनिकांनी हात वर केले. "शोरूमला न्या," म्हणायचे. शोरूमवाले आठ-आठ दिवस गाडी ठेवून घ्यायचे आणि काय झालंय ते मालकाला धड सांगायचे नाहीत. कानिफ दहावी नापास. पण जिद्द अशी, की व्हिडिओ बघून बघून शिकला. ह्या गाड्यांना सीटखाली एक सहा पिनांचं सॉकेट असतं. त्याला केबल लावून ती लॅपटॉपला जोडली की गाडी स्वतःचं दुखणं आकड्यात सांगते. एक आकडा म्हणजे मोटर तापली, दुसरा म्हणजे ब्रेकचं बटण अडकलं, असं. हे सगळं इंग्रजीत. मग स्वारी माझ्याकडे.

"ताई, हे 'इंटरमिटंट' म्हंजी काय वो?"

"अधूनमधून होणारा. मनाला येईल तेव्हा."

"म्हंजी आमच्या मेव्हण्यावानी," असं म्हणून हसत गेला. त्या दिवसापासून तसला कोड आला की तो "मेव्हणा आलाय" म्हणायचा. आता तो शब्द मला कुठे छापलेला दिसला तरी मी पान उलटते.

बिघाड झाला की मीटरवर लाल दिवा पेटतो. कानिफ कोड बघायचा, वायर साफ करायचा, पिना घासायचा आणि शेवटी लॅपटॉपवर एक बटण दाबून तो कोड पुसून टाकायचा. दिवा विझला की मग फडकं, मग दोन पावलं मागं, मग "कोरी!" त्याच्या लेखी ते एकच काम होतं. वडलांनी टाकी पुसली, ह्यानं दिवा पुसला. दिवा पेटता ठेवून गाडी परत द्यायची म्हणजे त्याला चिखलानं भरलेली गाडी दिल्यासारखं वाटायचं. आणि लोकही असले! दिवा विझला की खूश. कशामुळं पेटला होता ते विचारायला कुणाला वेळ आहे?

योगेशची गाडी तशीच. हा योगेश लष्कराच्या स्टोअरमध्ये कामाला, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. घरात तो आणि त्याची आई भिमाबाई. बायकोशी पटलं नाही, ती कधीच माहेरी गेली. आणि तिसरी सायली, त्याच्या बहिणीची मुलगी. बहीण रेश्मा पुणतांब्याला दिलेली. सायलीनं अकरावीला नगरच्या कॉलेजात नाव घातलं म्हणून आजीकडे राहायला आली होती. आजीचा जीव की प्राण ती. प्रवेशाचे फॉर्म मीच भरले तिचे. फोटो चांगला आला नाही म्हणून तिनं मला तीनदा काढायला लावला. मी चिडले, तर म्हणाली, "मावशी, दोन वर्षं ह्याच फोटोवर काढायचीत मला." दोन वर्षं कसली, महिनासुद्धा झाला नाही.

जून-जुलैत योगेश तीनदा कानिफकडे आला. दिवा पेटतो, गाडी वीसच्या वर पळत नाही, मधेच आचका देते. कानिफनं तिन्ही वेळा केबल लावली, बॅटरीकडून येणारी वायर घासली, दिवा पुसला. पैसेसुद्धा घेतले नाहीत. "अर्ध्या मिन्टाचं काम, पैसे कशाचे घेऊ?" म्हणाला.

अठरा जुलैला, शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला योगेश सायलीला कॉलेजला सोडायला निघाला. बाह्यवळण रस्त्यावर मागून ट्रकनं उडवलं. सायली जागेवर गेली. योगेशच्या मांडीत सळया घालाव्या लागल्या.

शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता. गाडी आपोआप बंद पडली, मी हळूच चाललो होतो. कोण ऐकणार? ट्रकवाला म्हणाला, गाडी वेगात आडवी आली. रस्त्यावरच्या एका शहाण्यानं त्याला दुजोरा दिला. असले लोक कुठून उगवतात कुणास ठाऊक! पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, भरधाव. आणि तो एक शब्द घरात येऊन बसला. रेश्मानं मुलीची माती झाल्यावर भावाकडे पाठ फिरवली, फोन उचलणं बंद केलं. आई तर त्याच घरात. भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवायची, औषधाची गोळी ठेवायची, आणि एक अक्षर बोलायची नाही. "हळू जा म्हणलं हुतं," एवढंच एकदा म्हणाली, आणि मग तोंडाला कुलूप.

योगेशनं कानिफला बोलावून घेतलं. मी सोबत गेले होते, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं. खाटेवरून उठता येत नव्हतं त्याला. म्हणाला, "कानिफ, केस फिस काय व्हायची ती हू दे. तुरुंगात घातलं तरी चालंल मला. पर गाडीच्या पोटात लिव्हलेलं असतंय ना सगळं, वेग बिग? तेवढं काढ. आई माझ्याशी बोलत न्हाई रे." कंपनीला त्यानं आधीच विचारलं होतं. गाडीतली माहिती मालकाला देता येत नाही, असं उत्तर आलं होतं. गाडी त्याची, पैसे त्याचे, भाची त्याची, आणि माहिती मात्र कंपनीची!

"काढतो," कानिफ म्हणाला. "कसंबी करून काढतो."

आणि काढली. गाडी पोलीस ठाण्याच्या मागं पावसात पडलेली. हवालदाराच्या मिनतवाऱ्या करून परवानगी मिळवली, आपल्या बाकड्यावरची बॅटरी नेऊन जोडली, केबल लावली. नेहमीच्या पानावर फक्त आत्ताचा बिघाड दिसतो. मागचं सगळं खोल कुठंतरी कुलूपबंद असतं. त्याचा पासवर्ड त्यानं मेकॅनिकांच्या ग्रुपवरून कोइमतूरच्या कुणा माणसाकडून मिळवला. दोन दिवस त्या चिखलात बसून होता. अकरा ऑगस्टला, सोमवारी, त्यानं फाइल माझ्या मोबाईलवर पाठवली आणि पाठोपाठ धावत आला. "ताई, छापा. मोबाईलवर डोळं फुटायला लागलं माझं."

मी छापायला घेतलं. सहा पानं. पहिलं पान बाहेर आलं आणि मी वाचूनच ओरडले, "कानिफभाऊ, अडतीस! अडतीसनं चालला होता हो तो!" नऊ वाजून बारा मिनिटांची ओळ. वेग अडतीस. पुढच्याच सेकंदाला कोड त्रेपन्न, त्याच्यापुढे तो आमचा शब्द, इंटरमिटंट. बॅटरीशी संपर्क तुटला, मोटर बंद. मग एकतीस, बावीस, नऊ. मग गाडी आडवी. त्या ओळीनंतर काहीच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. योगेश खरं बोलत होता. शब्दन्‌ शब्द खरं.

कानिफचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. तो पाचवं पान धरून उभा होता. मी त्याच्या खांद्यावरून डोकावले.

ह्या गाड्यांची एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. कोड पुसला तरी पुसल्याची नोंद आत राहते. कधी पुसला, कुठल्या यंत्रानं पुसला. आणि त्यानं आपल्या लॅपटॉपला मोठ्या हौसेनं स्वतःचं नाव दिलेलं. त्या पानावर इंग्रजीत तीनदा लिहिलं होतं, कानिफ भिंगार. आठ जून, पंचवीस जून, सात जुलै. आणि मधल्या जागेत तोच त्रेपन्न, सत्तेचाळीस वेळा.

"ताई," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "त्यो दिवा पेटता असला की गाडी वीसच्या वर जात न्हाई. मुद्दाम तसं केल्यालं असतंय. मानसानं वैतागून शोरूमला न्यावी म्हून. मी पुसला की ती परत पळाया लागती. मीच पळती केली वो ती."

चुकून झालं, म्हणाले. तुम्हाला कुठे ठाऊक होतं, म्हणाले. तो कागदांची गुंडाळी करून शर्टात घालत म्हणाला, "कुनाला बोलू नका. थोडं दिवस. मी सांगतो त्याला, माझं मी." आणि मी मान डोलावली. माझ्या ह्या जिभेला अख्खं भिंगार घाबरतं. नेमकी त्या दिवशी तिला काय धाड भरली होती?

त्यानं योगेशला जाऊन सांगितलं, आत काही सापडलं नाही, पाणी गेलंय.

मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी भांडले त्याच्याशी, शटर अर्धं ओढून, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "अहो, तो माणूस तिकडे खाटेवर कुजतोय!" म्हटलं. तर म्हणतो कसा, "ताई, कंपनीची कुलपं फोडून मी ही कामं करतो. माझ्याकडं कुठला कागद हाय? पोलीस मलाच आत घालतील. पोरगी बारावीला हाय माझी. दोन दिवस द्या." दोन दिवसांचे चार झाले, चाराचे आठ. गॅरेज उघडं असायचं, पण तो केबलला हात लावायचा नाही. पंक्चरी काढत बसायचा. ते "कोरी!" ओरडणं तर बंदच झालं. मला राग येत होता आणि कीवही येत होती. खरं सांगायचं तर कीव आली म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते.

एकोणीस तारखेला, मंगळवारी दुपारी, भिमाबाई माझ्या दुकानात आली. सायलीच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती हव्या होत्या. पदराच्या टोकाला बांधलेली नाणी सोडायला लागली. मी म्हटलं, "राहू दे आजी." ती स्टुलावर बसली. एवढी ताठ बाई, पण महिन्याभरात पार वाकली होती. काचेवर दाखला ठेवताना मला त्या फोटोची आठवण झाली, तीनदा काढलेल्या.

"ज्योती," ती म्हणाली, "त्या कानिफला काई घावलं का गं गाडीत?"

मी मशीनचं झाकण लावलं. "मला नाही ठाऊक, आजी."

"त्यो म्हनला न्हाई घावलं. पर मला वाटलं, तुज्याकडं छापाया येतोय त्यो, तुला म्हाईत असंल." पदराची गाठ परत बांधली तिनं. "घावलं असतं तर लई बरं झालं असतं. पोरगं रोज माज्या तोंडाकडं बघतंय. मला बी बोलावं वाटतं गं. आतनं लई वाटतं. पर मी बोलले तर रेश्माला काय वाटंल? म्हनंल, माज्या पोरीला मारलं त्याला आईनं माफ केलं." उठली, कागद घडी करून पिशवीत घातले आणि गेली. मी तिथेच उभी. तिच्या मागं जाऊन सांगायला फक्त दहा पावलं टाकायची होती. गिऱ्हाईक आलं, मी त्याचं आधार कार्ड छापलं.

संध्याकाळी कानिफला सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. "उद्या जातो," म्हणाला. बुधवारी गेला नाही. शुक्रवारी जातो, म्हणाला. गुरुवारी पहाटे भिमाबाई झोपेतच गेली.

तिच्या मातीला सगळी गल्ली होती. भंते आले, त्रिशरण-पंचशील झालं. योगेशला खुर्चीवर बसवून नेलं होतं. रेश्मा पुणतांब्याहून आली, पण भावापासून चार हात लांब उभी राहिली. कानिफ सगळ्यांच्या मागं, डोक्याला रुमाल बांधून. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, मी त्याच्याकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी तो दुकानात आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट, हातात तीच सहा पानं. "चला," म्हणाला. "एकट्यानं न्हाई जमायचं." माझी नजर कागदांच्या तळाशी गेली. आमचं मशीन प्रत्येक पानाखाली छापल्याची तारीख टाकतं. अकरा ऑगस्ट.

"कानिफभाऊ," मी म्हणाले, आणि ही लाज मला मरेपर्यंत पुरेल, "फाइल आहे माझ्याकडे. आजच्या तारखेनं परत काढून देऊ का?"

त्यानं बराच वेळ मशीनकडे बघितलं. मोह त्यालाही झाला, खोटं कशाला सांगू? मग मान हलवली. "नको, ताई. लई पुसापुशी झाली."

गेलो. योगेश खाटेवर, रेश्मा दाराशी धान्य निवडत बसलेली. आईच्या जलदानविधीपर्यंत थांबणार होती. कानिफ खाली जमिनीवर बसला. प्रस्तावना नाही, काही नाही. पहिलं पान रेश्माच्या हातात दिलं आणि बोट ठेवून वाचायला लागला. नऊ बारा, वेग अडतीस. नऊ बारा, मोटर बंद. तिला आकडे कळत होते. ती पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर बोट फिरवत राहिली. मग सूप बाजूला सारून खाटेपाशी गेली आणि भावाच्या सळया घातलेल्या पायावर डोकं टेकून जी रडली, जी रडली! "योग्या, मी तुला काय काय म्हनले रे!" तो तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, रडत नव्हता.

तोवर कानिफनं पाचवं पान पुढं केलं. "अजून हाय," म्हणाला. "ह्ये माझं नाव. तीन वेळा. दिवा मी पुसला. पुसला नसता तर गाडी पळाली नसती, अन् पोरगी वाचली असती. पोलिसात जाऊन बी हेच सांगनार हाय मी. आत्ताच जातो हितनं. तुमी काय मारायचं ते मारा."

रेश्मानं डोकं वर केलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "दिवा पुसाया किती येळ लागतो वो?"

"अर्धं मिनिट."

कानिफ मान खाली घालून बसला. योगेशनं त्याच्या हातातनं ते पान घेतलं, वरून खालपर्यंत वाचलं, आणि अगदी खाली येऊन थांबला. मग बाकीची पानं मागितली. एकेका पानाचा फक्त तळ बघितला.

"अकरा तारीख," तो म्हणाला. बोटांवर दिवस मोजले त्यानं, लहान पोरासारखे. "आई एकवीसला गेली."



"कानिफ, दिव्याचं जाऊ दे," तो म्हणाला. आवाज चढला नाही, शिवी नाही. "दिव्याचं तुला ठाव नव्हतं." त्यानं पानाच्या तळाशी, तारखेवर बोट ठेवलं. "ह्याचं ठाव हुतं."

कानिफ उठला, शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली, हात जोडले आणि पोलीस ठाण्याच्या रस्त्याला लागला. मी त्याच्या पाठोपाठ निघाले होते, उंबऱ्याबाहेर एक पाय पडलासुद्धा होता.

"ज्योतीताई," योगेशनं हाक मारली. "आई मंगळवारी तुमच्याकडं झेरॉक्सला आलती. तिनं इचारलं असंल."

"विचारलं," मी म्हणाले.